आई घरी होती ते वर्ष

आमच्या घरी बोलायची एक पद्धत होती, आणि ती बाकी कुणाच्या घरी नसते हे मला फार उशिरा कळलं. आधी मथळा सांगायचा. वर्तमानपत्रात असतो तसा, एका वाक्यात. मग वेळ उरला तर तपशील. वेळ सहसा उरायचा नाही, कारण आई भूल देणारी डॉक्टर होती आणि हॉलमधल्या स्टुलावरचा फोन कधीही खणखणायचा. तो वाजला की हातातलं असेल ते तिथेच ठेवून ती निघायची. म्हणून जेवायला बसल्या बसल्या आम्ही आपापले मथळे उरकून घ्यायचो. दादा म्हणायचा, "गणितात नापास. सही हवी." बाबा म्हणायचे, "नळ गळतोय. उद्या माणूस येतोय." मी म्हणायचे, "दात हलतोय." आई सही करायची, मान डोलवायची, माझा दात हलवून बघायची आणि तेवढ्यात फोन वाजायचा.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. उत्तर आधी लिहू नका, पायऱ्या दाखवा, असं मुलांना ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलेला असायचा, आणि घरी मात्र त्यांनाही उत्तरच आधी द्यावं लागायचं. आधी कळस मग पाया, असं ते आमच्या बोलण्याला म्हणायचे. पाया तर राहूनच जायचा. माझा तो दात कुठे पडला, कसा पडला, पडल्यावर मी तो कुणाकुणाला दाखवला, यातलं काही आईला ठाऊक नव्हतं. दात पडला, एवढं ठाऊक होतं.

मला या पद्धतीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. मैत्रिणीकडे गेलं की तिथल्या गप्पांचा मला वीट यायचा. नमनाला घडाभर तेल! तिची आई बाजारातून यायची, पिशवी टेबलावर ठेवायची आणि सुरू व्हायची. वाटेत कोण भेटलं, तिनं काय घातलं होतं, तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलं, आणि एवढं सगळं ऐकून घेतल्यावर निघायचं काय, तर कांदे आणायचे विसरले. मी मनात म्हणायचे, अहो काकू, 'कांदे विसरले' एवढंच सांगा की. मध्येच फोन वाजला असता म्हणजे?

तर अशा आमच्या घरात, मी अकरा-बारा वर्षांची असताना, आईनं एका संध्याकाळी सुपाचा वाडगा पुढे ओढता ओढता मथळा दिला.

"मी वर्षभराची रजा घेतेय."

आम्ही चमचे हातात धरून बसून राहिलो. तपशील विचारायची आम्हाला सवयच नव्हती.

"आजारी आहेस?" शेवटी दादानं विचारलं.

"नाही."

"कुणी काही बोललं का तिथे?" बाबांनी विचारलं.

"नाही हो."

"बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी पाव तोडला. मी काहीच विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, वर्षभर, आणि मला एवढा आनंद झाला की मी ते सूप न फुंकता प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

बाकीच्यांना मात्र आनंदबिनंद काही झाला नाही. मावशी फोनवर म्हणाली, "एवढं शिकून आता काय भाजी चिरणार?" आत्याला वाटलं, मुलांसाठीच घेतली असणार, शेवटी आईचं काळीज. आईला ते काळीज फारच झोंबलं. शेजारच्या काकांनी तर परस्पर ठरवून टाकलं की हिला काढूनच टाकलंय, आणि ते आमच्याशी फार हळू आवाजात बोलायला लागले. हॉस्पिटलातले मोठे साहेब, म्हणजे मुख्य सर्जन, तिला म्हणाले, "अगं, लोक या वयात वरची पायरी चढतात. तू उतरतेस. परत येशील तेव्हा तुझ्या हाताखालची माणसं तुझ्या डोक्यावर असतील." आईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की मला झोप पुरी करायची आहे. लोक हसायचे. अख्ख्या गावाला झोपवणारी बाई आणि हिचीच झोप अपुरी, दिव्याखाली अंधार तो हाच, असं म्हणून सोडून द्यायचे.

सुरुवातीला ती खरंच झोपली. सोफ्यावर, खुर्चीत, एकदा तर इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर डोकं टेकून. आम्ही चवड्यांवर चालायचो. मग एके दिवशी मी शाळेतून आले तर ती जागी होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. मटार तिला नीट सोलता येत नव्हते. निम्मे दाणे जमिनीवर होते.

"काय झालं आज शाळेत?"

"काही नाही."

"हा झाला मथळा. पुढचं सांग."

"पुढचं म्हणजे?"

"म्हणजे मधलं. सकाळी तू इथून गेलीस आणि आत्ता आलीस. मध्ये काहीतरी झालं असेल ना?"

मी जमिनीवरचे दाणे वेचायला लागले. मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली आणि तिच्या कामाचं मला पहिल्यांदा सांगितलं. भूल देताना बहुतेक डॉक्टर माणसाला आकडे मोजायला लावतात. आईला ते पटायचं नाही. आकडे मोजताना माणूस आता आपलं काय होणार याचीच वाट बघत राहतो, असं तिचं म्हणणं. ती विचारायची, तुमची आवडती जागा कुठली? माणूस सांगायला लागायचा, सांगता सांगता त्याचा चेहरा सैल पडायचा आणि मग ती औषध सोडायची.

"मग?"

"मग काय, झोपतात. वाक्याच्या मध्येच. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर जायला जिना नव्हता, तरी आम्ही भावंडं रोज गच्चीत असायचो, कारण… आणि झोपले."

"कसे जायचे गच्चीत?"

"मला काय माहीत! ते जागे होईस्तोवर मी पुढच्या टेबलाशी. एक ट्रकवाला होता, हा एवढा धिप्पाड. म्हणाला, डॉक्टरबाई, ती जागा मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. आणि लागला घोरायला."

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग मला कळेना की ती अजून हसतेय की नाही.

"इतकी वर्षं मी नुसत्या सुरुवाती ऐकतेय," ती म्हणाली. "आणि घरी आले की तुम्ही मला शेवट सांगता. मला मधलं कधी कुणी सांगितलंच नाही गं."

तर रजेचं खरं कारण हे होतं, आणि ते तिनं मावशीला नाही, साहेबांना नाही, मला सांगितलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, आईला मधलं सांगायचं. एवढं सांगायचं, एवढं छान सांगायचं, की वर्ष संपल्यावर तिला परत जावंसंच वाटू नये. मला आई कायमची घरी हवी होती. हे मी कुणाजवळ मथळ्यातसुद्धा बोलले नाही.

सवय मोडायची म्हणजे सोपं नव्हतं. दादाचं तर काही खरंच नव्हतं. तो यायचा आणि म्हणायचा, "मॅच हरलो."

"सुरुवातीपासून सांग," आई म्हणायची.

"सुरुवातीपासूनच हरत होतो."

बाबांचं उलटं झालं. त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीतल्या किटलीची गोष्ट काढली. ती किटली कुणी आणली, तिचं झाकण कुणी हरवलं, झाकणाच्या जागी भूगोलाच्या बाईंनी बशी ठेवली, त्या बशीवरून मुख्याध्यापक कसे चिडले. गोष्ट त्या संध्याकाळी संपली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही संपली नाही. टेबलक्लॉथवर बोटानं खोलीचा नकाशा काढून, कोण कुठे बसलं होतं ते दाखवत बाबा बोलत राहिले. या माणसाच्या पोटात एवढ्या पायऱ्या साठल्या होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं. दादा मला खालून लाथ मारायचा. आई मात्र हनुवटीला हात लावून ऐकायची आणि म्हणायची, "मग बशीचं काय झालं?"

मी हळूहळू तयार झाले. दप्तर खुंटीला, हात धुवायचे, समोरच्या खुर्चीत बसायचं. आई आपले पाय तिसऱ्या खुर्चीवर घ्यायची आणि चहाचा कप पोटावर धरायची. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची ती आधी साखरेच्या डब्यावर पडायची आणि मी निम्म्यावर येईस्तोवर तिच्या पायांवर यायची. तिच्या अंगाला हॉस्पिटलचा वास येईनासा झाला होता, साधा साबणाचा यायचा. मी क्रमानं सांगायचे, काही न गाळता. प्रार्थनेच्या वेळी कुणाला शिंक आली, तिथपासून. आई मध्ये बोलायची नाही. मी अडखळले तर फक्त म्हणायची, "पुढे?"

मी आता तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. नोकरी आहे, घर आहे, माझं ऐकून घेणारी माणसंही आहेत. पण तसं कुणी माझ्याकडे पाय वर घेऊन, वेळेचा हिशेब न ठेवता ऐकत बसलं नाही, आणि मला त्या टेबलाची अजून इतकी आठवण येते की कधीकधी दुपारी ऑफिसात काम टाकून उगाच चहा करायला उठते. मी तेव्हा सुखी होते. लहान मुलांना सुख झालेलं कळत नाही म्हणतात. मला पुरतं कळत होतं. म्हणून तर ते जाईल याची मला सारखी धास्ती असायची.

आणि वर्ष संपत आलं. मोठ्या साहेबांचा फोन आला. मी दाराआडून ऐकलं. आई म्हणाली, "हो, लक्षात आहे. बघते. कळवते." मग मला दिसायला लागलं ते मला आधीही दिसत असणार, मी बघत नव्हते. रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की ती ऐकता ऐकता खिडकीकडे वळायची. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायची तो मनगटाला, आणि तिचं बोट आपोआप नाडीवर जायचं. मी मनगट सोडवून घ्यायचे आणि तळहात तिच्या हातात द्यायचे. गोष्टी मी आणखी लांबवल्या.

त्यातलीच एक पीटीच्या सरांच्या शिट्टीची. धावण्याच्या शर्यती होत्या आणि सरांची शिट्टी हरवली होती. मग सर तोंडानं शिट्टी वाजवायला गेले, पण त्यांचा पुढचा दात तुटलेला, त्यामुळे नुसती हवाच यायची आणि धावायला कुणी सुरूच करेना. शेवटी सरांनी टाळी वाजवली तर पलीकडच्या वर्गाला वाटलं कुणीतरी जिंकलं, तेही टाळ्या वाजवायला लागले. "आणि मग माझ्या पोटात दुखायला लागलं म्हणून मी पायरीवर बसले, आणि बसले म्हणून मला दिसलं, आई, शिट्टी सरांच्या पाठीवर लोंबत होती! दोरी गळ्यातच होती, फिरून मागे गेली होती!"

आई इतकी हसली की कपातला चहा तिच्या साडीवर सांडला. बाबा आतून काय झालं काय झालं करत आले, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. संध्याकाळी मी जेवले नाही. भूक नाही म्हटलं. दुपारी काहीतरी खाल्लं असेल म्हणून कुणी आग्रह केला नाही.

सकाळी मी न्हाणीघराच्या फरशीवर पोटाशी पाय घेऊन पडले होते. आईनं माझ्या पोटाला उजवीकडे खाली हात लावला, दाबला, सोडला, आणि मी किंचाळले. तिचा चेहरा एकदम उतरला.

"कधीपासून दुखतंय?"

"काल सांगितलं की."

"काल? काल कधी?"

"पायरीवर बसले तेव्हा."

आई फरशीवर बसली. बाबा दारात उभे होते, अर्ध्या गालाला साबण लावलेला. "अगं, मथळा आधी द्यायचा ना गं," ते म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांना रडू येत होतं. पण मला भयंकर राग आला. मी तशी कळवळत असतानाही म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना सुरुवातीपासून सांग म्हणून!" जुन्या दिवसांत मी घरात पाऊल टाकताच 'पोट दुखतंय' म्हटलं असतं आणि तासाभरात ऑपरेशनच्या टेबलावर असते. नव्या रीतीप्रमाणे पोटदुखीचा नंबर शिट्टीच्या अलीकडे आणि टाळ्यांच्या पलीकडे लागला होता, आणि आमच्या घरची डॉक्टर शिट्टीत गुंतली होती. अशी चूक फक्त आमच्याच घरात होऊ शकते.

अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात. मोठे साहेब स्वतः कापायला उभे राहिले. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही असा तिथला नियम होता, आणि आई तर रजेवर. तिच्या जागी जे डॉक्टर आले होते त्यांच्याबद्दल मी घरी ऐकलं होतं, कामाला चोख, पण बोलायचं म्हणजे शब्दाला महाग. आईला हिरवा झगा घालून माझ्या डोक्याशी नुसतं उभं राहायची परवानगी मिळाली.

टेबल थंड होतं. हात पट्ट्यानं बांधला होता. त्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "शंभरपासून उलटे मोज." मी गणिताच्या मास्तरांची मुलगी, आणि शंभराच्या आधी काय येतं ते मला आठवेना. मला वाटलं, आकडा सापडला नाही तर हे तसंच कापतील.

मग आई वाकली. "असू दे आकडे," ती म्हणाली. "तुझी आवडती जागा कुठली, ते सांग मला."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातलाही तो नव्हता. खालच्या पट्टीतला, जराही घाई नसलेला, या बाईला जगात दुसरं काही कामच नाही असा.

"आपलं स्वयंपाकघर," मी म्हटलं. "मी शाळेतून येते आणि तू पाय वर…"

जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि पोटात आग होती. आई शेजारी खुर्चीत होती. डोळे सुजलेले. मी डोळे उघडलेले पाहताच तिनं माझं मनगट धरलं.

"मी परत जात नाहीये कामावर," ती म्हणाली. "साहेबांना सांगून आले."

मला हवा होता तोच मथळा. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुन्हा झोपून गेले.

घरी आल्यावर माझी चैन होती. निदान असायला हवी होती. आई दिवसभर माझ्यापाशी होती, पण मी काही सांगायला लागले की दुसऱ्याच वाक्याला विचारायची, "तेव्हा दुखलं का?" दुखलं नव्हतं म्हटलं की कपाळाला हात लावायची. दादा म्हणाला, "मॅच जिंकलो," आणि नवल म्हणजे या खेपेला त्याला सुरुवातीपासून सांगायचं होतं, तर ही म्हणाली, "गुडघा बघू." बाबांनी पुन्हा किटली काढून बघितली, आईनं मध्येच विचारलं, "छातीत जळजळ होते का हो चहानं? किती कप घेता तिथे?" बाबांनी किटली तिथेच बंद केली. ती आमचं बोलणं ऐकत नव्हती, त्यात कुठे दुखणं लपलंय का ते चाचपत होती. हळूहळू आम्ही आपले शहाण्यासारखे मथळ्यांवर आलो. सगळं ठीक. ताप नाही. जेवण झालं. फोन वाजत नव्हता, आई उठून जात नव्हती, आणि तरी आम्ही घाईघाईनं बोलत होतो.

टाके काढले त्या दुपारी आम्ही दोघीच टेबलाशी होतो. थर्मामीटर तिच्या हातात होता.

"तिथे घाबरली होतीस का गं फार?" तिनं विचारलं.

'हो' एवढं म्हणून भागलं असतं. 'हो, पण आता नाही,' म्हटलं असतं तर ती खूश झाली असती. पण मी कितीतरी दिवस उपाशी होते आणि मला जरा रागही होता.

"सुरुवातीपासून सांगू?"

आईनं माझ्याकडे बघितलं. थर्मामीटर खाली ठेवला. "सांग."

मी हॉस्पिटलातल्या ढकलगाडीपासून सुरुवात केली. तिचं एक चाक कुरकुरत होतं आणि वळताना भिंतीला घासत होतं. छतावरचे दिवे एकामागून एक माझ्यावरून सरकत होते. मग गाडी पॅसेजमध्ये थांबवली, कारण आत काहीतरी लावायचं होतं, आणि आई झगा घालायला गेली होती. माझ्या मागे आणखी एक गाडी उभी होती. मी मान वळवून बघितलं. तिच्यावर एक आजोबा होते.

इथे मी थांबले. आजोबा गाळले असते तरी गोष्ट चालली असती. कुणाला कळणार होतं? आणि गाळावेत असं मला आतून कुणीतरी सांगत होतं, कारण ही गोष्ट कुठे चालली आहे ते मला तेव्हाच दिसलं. पण आईचे पाय तिसऱ्या खुर्चीवर गेले होते. तिचं तिला कळलंही नव्हतं. तोंड किंचित उघडं, डोळे माझ्या तोंडावर, आणि ती इतक्या दिवसांनी 'दुखलं का' न विचारता ऐकत होती.

"पुढे?" ती म्हणाली.

"त्यांचे पाय चादरीतून बाहेर आले होते," मी म्हटलं. "मला म्हणाले, बाळ, आत गेल्यावर काय विचारतात गं? मी म्हटलं, मला माहीत नाही. मग मला आत नेलं. मग ते आकडे. आई, मला शंभराच्या आधीचा आकडाच आठवेना. मला वाटलं मी आता मरणार. मग तू विचारलंस. तू विचारलंस ना, तेव्हा मला एकदम काहीच वाटेनासं झालं. भीती गेलीच. मी तुला आपल्या टेबलाचं सांगत होते."

"मग?"

"मग झोपले."

उन्हाची तिरीप तिच्या घोट्यापाशी आली होती. ती "पुढे" असं म्हणाली नाही, कारण पुढे काही नव्हतं.

"त्या आजोबांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"माझ्यानंतर नेलं असेल त्यांना."

"त्यांना कुणी काही विचारलं?"

"आकडे मोजायला लावले असतील," मी म्हटलं.

आईनं पाय खाली घेतले. खुर्ची सरकवली, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती हॉलमध्ये गेली. फोनची तबकडी फिरवल्याचा आवाज आला, एकेक आकडा सावकाश. मग तिचा आवाज आला, "साहेब, मी बोलतेय."

मी टेबलाशीच बसून राहिले. दादा मागच्या दारानं आत आला, बूट चिखलानं भरलेले, आणि माझं तोंड बघून थबकला.

"काय झालं गं? दुखतंय?"

"आई परत कामाला जातेय."

"आँ? नाही जाणार म्हणाली होती ना? आता कुणी पाठवलं तिला?"

"मी," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.